साल्वातोरे गेल्यानंतरचं फेरागामो

शेवंती

फेरागामो या इटालियन बुटांच्या घराण्याचं नाव काढलं की गप्पा हॉलिवूडपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. मेरिलिन मन्रोच्या उंच टाचा, ऑड्री हेपबर्नचे सपाट बॅले शूज, ज्युडी गार्लंडची सप्तरंगी सँडल. किस्से खरे आहेत, मीही खाली थोडे सांगणार आहे. पण मला विचाराल तर या घराण्याची खरी गोष्ट ७ ऑगस्ट १९६० ला सुरू होते. त्या दिवशी साल्वातोरे फेरागामो गेला, वय ६२. मागे उरली ३८ वर्षांची बायको वांडा, सहा मुलं (थोरली १९ची, धाकटा तीनचा) आणि फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीकाठचा तेराव्या शतकातला एक दगडी वाडा. धंदा याच वाड्यातून चालायचा, हाताखाली शेकडो कारागीर. वांडाने तोवर घराबाहेर कधी काम केलेलं नव्हतं.

तिने काय सांभाळलं हे कळायला आधी साल्वातोरेकडे जावं लागेल.

नेपल्सच्या पूर्वेला डोंगराळ भागात बोनितो नावाचं गाव आहे. तिथे १८९८ साली जन्म, चौदा भावंडांत अकरावा. घरची शेती, खाणारी तोंडं जास्त. पोराला बूट शिवायचे होते आणि घरच्यांना ते मान्य नव्हतं, कारण गावात बूट शिवणारा अगदी खालच्या पायरीवरचा समजला जाई. आत्मचरित्रात तो सांगतो की नऊ वर्षांचा असताना बहिणीच्या धार्मिक विधीसाठी पांढरे बूट लागणार होते आणि घरात पैसे नव्हते. त्याने गावातल्या बूटवाल्याकडून कॅनव्हास, पुठ्ठा, खळ असं काय काय मागून आणलं आणि एका रात्रीत जोड तयार केला. मग विरोध मावळला. नेपल्सला जाऊन काम शिकला आणि मिसरूड फुटायच्या आत गावात स्वतःचं दुकान टाकलं.

विशीच्या आत तो अमेरिकेला गेला. भाऊ बॉस्टनच्या बुटांच्या कारखान्यात होते. यंत्रावर धडाधड निघणारे बूट बघून हा पठ्ठ्या खचला, तिथे रमलाच नाही. भावांना घेऊन कॅलिफोर्नियात सांता बार्बराला दुरुस्तीचं दुकान काढलं. मूकपटांचे दिवस होते, सिनेमावाल्यांना काउबॉयचे बूट लागायचे. चित्रपट कंपन्या हॉलिवूडला सरकल्या तसा १९२३ मध्ये तोही सरकला. मेरी पिकफर्ड, ग्लोरिया स्वॉन्सन, रुडॉल्फ व्हॅलेंटिनो अशी गिऱ्हाइकं. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हे सगळं चालू असताना हा माणूस विद्यापीठात शरीरशास्त्राच्या वर्गांना जाऊन बसत होता. बूट सुंदर होतात, मग पाय का दुखतात, हे त्याला शोधायचं होतं.

१९२७ मध्ये तो इटलीला परतला, पण गावी गेला नाही. हाताने काम करणारे निष्णात कारागीर फ्लॉरेन्समध्ये मिळतील म्हणून तिथे बस्तान बसवलं. माल जवळजवळ सगळा अमेरिकेला जायचा. १९२९ ची मंदी आली, अमेरिकन मागणी आटली आणि १९३३ मध्ये दिवाळं निघालं. तिथून पुन्हा उभा राहिला, इटलीतलंच गिऱ्हाईक धरलं आणि १९३८ मध्ये पालाझ्झो स्पिनी फेरोनी हा अख्खा वाडा विकत घेतला. कंपनीचं मुख्यालय आजही तिथेच आहे.

या पाच वर्षांत एक मोठी गोष्ट घडली. १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला, राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध लादले. चांगलं पोलाद मिळेना. उंच टाचेच्या बुटाला पोलादाशिवाय चालत नाही. याने सार्डिनियाच्या बुचाचे (बाटलीला लावतात तेच झाडाचं बूच) तुकडे एकावर एक चिकटवले, तासले आणि टाच व तळ यांच्यामधली पोकळीच भरून टाकली. आज आपण ज्याला वेज हील म्हणतो ते असं जन्माला आलं. चामडं मिळेना तेव्हा राफिया, ताग, चॉकलेटच्या वेष्टनाचा पारदर्शक कागदसुद्धा वापरला. पुढे १९४७ मध्ये मासे पकडायच्या नायलॉनच्या दोऱ्याची ‘अदृश्य’ सँडल केली आणि तिला अमेरिकेत नीमन मार्कस हा फॅशनमधला मानाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तोच पुरस्कार क्रिस्तियान दिओरलाही होता. साडेतीनशेहून जास्त पेटंटं याच्या नावावर आहेत.

१९४० मध्ये लग्न केलं ते बोनितोच्याच डॉक्टरांच्या मुलीशी. तो ४२ चा, ती १८ ची. तीच वांडा.

आता १९६०. विकून मोकळं होणं सोपं होतं. तिने विकलं नाही. थोरली फियाम्मा वडिलांच्या हाताखाली काम शिकत होतीच, तिला बूट आणि पुढे बॅगा दिल्या. जोव्हान्नाकडे बायकांचे कपडे. फुल्व्हियाकडे रेशमी स्कार्फ. फेरुच्चोकडे व्यवस्थापन, लेओनार्दोकडे पुरुषांचा विभाग, धाकटा मास्सिमो अमेरिकेत. पायापासून डोक्यापर्यंत सगळं करायचं हे साल्वातोरेचं बोलणं होतं, ते तिने पोरांत वाटून दिलं. प्रत्येकाला आपलं खातं, दुसऱ्याच्या खात्यात लुडबुड नाही. १९६७ मध्ये फियाम्मालाही नीमन मार्कस पुरस्कार मिळाला, वडिलांना मिळाल्यावर बरोबर वीस वर्षांनी. १९७८ मध्ये तिने केलेला ‘वारा’ हा फितीचा बो लावलेला बूट आजही दुकानात आहे.

वांडा २०१८ पर्यंत होती, ९६ वर्षांची होऊन गेली. नातवंडं झाली तेवीस. तेव्हा या कुटुंबाने एक नियम केला की पुढच्या पिढीतले फक्त तिघेच कंपनीत येतील, आणि तेही शिक्षण व बाहेरचा अनुभव घेऊन. फॅशनच्या धंद्यात असा नियम करणारं दुसरं इटालियन घर मला तरी सापडलं नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि कुणी फ्लॉरेन्सला राहतं का इथे?

---

कट्टेकरी

वाचनखूण साठवली. जोरदार धागा.

एक प्रश्न. शरीरशास्त्र शिकून नेमकं काय हाती लागलं? की नुसतीच जाहिरात?

---

शेवंती

जाहिरात असेलही थोडी, पण काम खरं आहे. त्याचं म्हणणं असं की माणूस ताठ उभा राहिला की शरीराचं वजन ओळंब्यासारखं सरळ पायाच्या कमानीवर उतरतं. तेव्हाचे बूट आधार द्यायचे टाचेला आणि चवड्याला, मधली कमान अधांतरी. बोटं पुढे सरकायची, चेपायची, घट्टे पडायचे. त्याने कमानीखाली बुटाच्या आत एक वाकवलेली पोलादी पट्टी बसवली, शँक म्हणतात तिला. पाय पुढे घसरणं थांबलं. आता निर्बंधांच्या काळात निकृष्ट पोलादाच्या पट्ट्या मोडायला लागल्या की काय होईल, विचार करा. बुचाची कल्पना या अडचणीतून आली. बूच भरलं की कमान खालून पूर्ण टेकलेली, पट्टीची गरजच उरत नाही.

---

रंकाळा

आमच्या घरात तीन पिढ्या चपलेचं काम. म्हणून थोडं लांबण लावतो.

धाग्यातलं बुचाचं वाचून मजा वाटली, कारण आमच्याकडे प्रश्न नेमका उलटा. कोल्हापुरीला पोलाद नाही, खिळा नाही, सगळं चामडं आणि चामड्याचीच वादी. तळ सपाट, त्यामुळे शँकचा प्रश्नच नाही. बाभळीची साल आणि हिरडा यात कमावलेलं कातडं सुरुवातीला कडक असतं, नंतर पायाचा आकार घेतं. साल्वातोरेला जे बुटात बसवावं लागलं, ते आमच्याकडे घालणाऱ्याचा पाय स्वतः घडवतो. (चावते ते मान्य. तेल लावा.)

दुसरं. बोनितोत बूट शिवणारा खालच्या पायरीवर, हे वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. मी तिथेच अडकलो. त्याला ती पायरी बोटीत बसून ओलांडता आली. हॉलिवूडला गेला तेव्हा कुणी त्याला बापाचा धंदा विचारला नाही. आणि तो जन्माने बूटवाला नव्हताच, शेतकऱ्याचा पोर, हौसेने या धंद्यात आला. आमच्याकडे धंदा आडनावातच बांधलेला आहे. कोल्हापुरात चप्पल लाईनला दुकानं थाटणारे वेगळे आणि घरी रापी-आरी घेऊन बसणारे वेगळे, हे पण लिहून ठेवतो.

आणि वांडाबाईंबद्दल. वेण्या विणायचं काम आमच्याकडे घरातल्या बायका करतात. पाटीवर नाव कुणाचं असतं ते सांगायला नको.

---

शेवंती

रंकाळा, दोन्ही मुद्दे घेतले. पहिल्याला भर म्हणून सांगते, साल्वातोरे अमेरिकेतून परत आला त्याचं कारण ‘कारागीर’ हेच होतं. तिकडे मागणी होती, हाताने काम करणारे हात नव्हते. १९५० च्या आसपास फ्लॉरेन्समध्ये त्याच्याकडे ७०० कारागीर रोज साधारण ३५० जोड हाताने करत, म्हणजे एका जोडाला दोन माणसं दिवसभर. हा हिशोब जगात कुठेच फार काळ टिकणारा नव्हता. शेवटच्या वर्षांत त्यानेही यंत्राशी तडजोड सुरू केली होती. तो सांधा पूर्ण बदलायचं अवघड काम वांडाच्या वाट्याला आलं.

---

मृण्मयी२

चप्पल लाईनचा उल्लेख वाचून माहेरी पोचले. बाकी धागा मस्तच. चालू द्या.

---

बडोदेकर

कुणीच इंदिराराजेंचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

सयाजीराव महाराज तिसरे आणि चिमणाबाई यांची मुलगी, बडोद्याची राजकन्या. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं लग्न तिने स्वतः मोडलं आणि १९१३ मध्ये लंडनला कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न केलं. म्हणजे महाराणी गायत्रीदेवींच्या मातोश्री. या बाईंचं बुटांचं वेड जगप्रसिद्ध होतं. फेरागामोनेच लिहून ठेवलंय की तिने त्याच्याकडे शंभरावर जोडांची ऑर्डर दिली होती. एक जोड हिरव्या मखमलीचा, टाचेभोवती मोत्यांचा सर्पिल. दुसरा काळ्या मखमलीचा, त्याला हिऱ्यांचं बक्कल. आणि मोती-हिरे फ्लॉरेन्सचे नव्हेत, बाईंनी आपल्या खजिन्यातले पाठवलेले!

आता गंमत बघा. गायकवाड घराणं हे मूळचं दावडीचं, पुणे जिल्ह्यातलं. म्हणजे फ्लॉरेन्सच्या त्या वाड्यातल्या सगळ्यात महागड्या गिऱ्हाइकांपैकी एक मराठी घरातली लेक होती. दिवाळ्यातून सावरणाऱ्या या माणसाला असली गिऱ्हाइकं किती कामी आली असतील!

---

कट्टेकरी

@बडोदेकर, हिरे पोस्टाने पाठवले की काय? :)

---

बडोदेकर

ते त्याने लिहिलेलं नाही. पाठवणाऱ्या इंदिराराजे असल्यावर पोस्टाचीच काय हिंमत.

---

आर्नोकाठ

मी फ्लॉरेन्सला राहतो, बोलावलंत म्हणून लिहितो. एरवी वाचकच आहे.

वाडा व्हिया तोर्नाबुओनी रस्त्याच्या टोकाला, सांता त्रिनिता पुलाला लागून आहे. १२८९ मध्ये पोपचा सावकार असलेल्या जेरी स्पिनीने बांधला. बाहेरून बघितलात तर फॅशनचं दुकान वाटणारच नाही, किल्ला वाटेल. एकोणिसाव्या शतकात फ्लॉरेन्स काही वर्षं इटलीची राजधानी होतं तेव्हा नगरपालिका या इमारतीत होती. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी शेजारचा पूल सुरुंगाने उडवला. पूल नंतर नदीतले मूळ दगड शोधून पुन्हा बांधला. वाडा वाचला.

तळघरात संग्रहालय आहे, १९९५ मध्ये सुरू झालेलं. बाकी काही बघितलं नाही तरी कलबूत बघा. एकेका गिऱ्हाइकाच्या पायाच्या मापाचे लाकडी साचे, त्यावर नाव लिहिलेलं. मापात फरक पडला की लाकडावर चामड्याचे तुकडे चिकटवून साचा जाड केलेला. एवढ्या मोठ्या नट्या, पण तिथे नुसते पाय आहेत, रुंद, आखूड, बोटाला घट्टा असलेले. मला तरी पोशाखांपेक्षा त्या खोलीत जास्त कळलं.

कंपनीची ती घोड्याच्या नालासारखी कडी, गांचिनी म्हणतात, ती बॅगांवर दिसते. वाड्याच्या लोखंडी दारावरच्या कड्यांवरून घेतलेली आहे.

तिघांच्या नियमाबद्दल इथले लोक आदरानेच बोलतात. पण एक लक्षात घ्या, बाकीचे वीस रस्त्यावर नाहीत. या कुटुंबाची हॉटेलं आहेत, तोस्कानात इल बोर्रो नावाचं अख्खं जुनं खेडं फेरुच्चोने घेऊन वाइन आणि पर्यटनाचा धंदा उभा केलाय. पोरांना जायला दुसरी दारं होती म्हणून नियम पाळता आला.

---

पेठेतला

छान छान. पण घराणेशाहीचं इतकं कौतुक? तीन नातू आत घेतले म्हणजे उपकार केले का? बाहेरचा माणूस बसवा ना.

---

शेवंती

@पेठेतला, बसवलाय की. २००६ मध्ये मिकेले नोर्सा बाहेरून आले आणि कंपनी चालवायला घेतली. फेरुच्चो अध्यक्ष झाला, वांडा मानद अध्यक्ष.

आणि घराणेशाही आवरली नाही तर काय होतं याचं उदाहरण त्याच रस्त्यावर आहे, दुसऱ्या शहरात जायची गरज नाही. गुच्ची. १९२१ मध्ये फ्लॉरेन्सलाच सुरू झालेलं. संस्थापक गुच्चिओच्या मुलांत आणि नातवांत खाती वाटलेली नव्हती, शेअर वाटलेले होते. फरक कळतोय? पाओलो गुच्चीने स्वतःच्या बापाची, आल्दोची, कागदपत्रं अमेरिकन करखात्यापुढे नेली आणि ८१ वर्षांचा आल्दो १९८६ मध्ये तुरुंगात गेला. पुतण्या मौरित्सिओने १९९३ मध्ये शेवटचा हिस्सा बहरीनच्या इन्व्हेस्टकॉर्पला विकला. २७ मार्च १९९५ ला मिलानमध्ये ऑफिसच्या दारात त्याचा खून झाला, सुपारी घटस्फोटित बायकोची. आज गुच्ची नावाचा माणूस गुच्चीत नाही.

वांडाने मुलांना आधी काम दिलं, मालकीचं नंतर. माझ्या लेखी हेच तिचं कर्तृत्व.

---

जमाखर्च

आता जरा थंड पाणी ओततो.

घराणं टिकलं हे मान्य. कंपनी कशी आहे ते बघू. २९ जून २०११ ला मिलानच्या शेअर बाजारात आले, ९ युरोला शेअर. (योगायोग म्हणजे प्राडा त्याआधी पाचच दिवस, २४ जूनला, हाँगकाँगच्या बाजारात आलं. दोन इटालियन कुटुंबं, एकाने घर निवडलं, एकाने गिऱ्हाईक जिथे होतं ते गाव.) फेरागामोची पहिली काही वर्षं झकास गेली. २०१५ मध्ये विक्री १४३ कोटी युरो. त्यानंतर उतार. २०२४ मध्ये सुमारे १०३ कोटी, आणि ६.८ कोटींचा तोटा. २०२५ च्या उन्हाळ्यात शेअर नऊच्या बराच खाली. त्याच २०२४ मध्ये प्राडा समूहाची विक्री ५४३ कोटी, म्हणजे पाचपटीहून जास्त.

२०१६ पासूनचे मुख्याधिकारी मोजा : नोर्सा गेले, पोलेत्तो आले नि गेले, मिकाएला ले दिव्हेलेक आल्या नि गेल्या, २०२२ मध्ये बर्बरीहून मार्को गॉब्बेत्ती आले, २०२५ मध्ये तेही बाहेर. त्यांच्याच काळात मॅक्सिमिलियन डेव्हिस हा तरुण ब्रिटिश डिझायनर आणला, लोगोतून ‘साल्वातोरे’ काढलं, लाल रंग आणला. कपड्यांचं कौतुक झालं, गल्ला हलला नाही. दर दोन-तीन वर्षांनी गाडीचा चालक बदलतो, पण मागच्या सीटवर तेच कुटुंब बहुमताने बसलेलं. अशा ठिकाणी बाहेरचा माणूस मोकळेपणाने काम करतो का?

माझं म्हणणं सरळ आहे. फियाम्मा १९९८ मध्ये कर्करोगाने गेली. तिच्यानंतर या घरात बूट डोक्यात घेऊन झोपणारं कुणी उरलं नाही. तिघांचा नियम भांडणं टाळतो, पण कल्पना देत नाही. तेवीस नातवंडांत एखादी नवी फियाम्मा असेलही, नियमानेच ती बाहेर राहिली असेल!

---

आर्नोकाठ

जमाखर्च, आकडे बरोबर, निष्कर्ष घाईचा. चीनमधली मागणी पडली तेव्हा सगळ्यांनाच फटका बसला, आणि फेरागामोची आशियावर भिस्त जास्त. शिवाय १९९६ ला त्यांनी उंगारो हे फ्रेंच फॅशन घर घेतलं होतं, ते २००५ ला विकून बाहेर पडले. हात पोळल्यावर पुन्हा मोठी खरेदी केली नाही. प्राडाने मात्र खरेदीचा नाद सोडला नाही आणि २०२५ मध्ये सव्वाशे कोटी युरोंना वेर्साचे घेतलं.

---

जमाखर्च

प्राडाचेही हात पोळले होतेच. हेल्मुट लँग, जिल सँडर हे दोन फॅशन ब्रँड घेतले आणि २००६ ला दोन्ही विकले. फेंदीतला हिस्साही कर्जापायी एलव्हीएमएच या फ्रेंच समूहाला द्यावा लागला. पण तिथे मिउच्चा प्राडा स्वतः डिझाईन करत होती. मी तेच म्हणतोय.

आणि गंमत म्हणजे प्राडातही मधली कडी बाईच आहे. संस्थापक मारिओ प्राडाचं मत की बायकांनी धंद्यात पडू नये. मुलाला रस नव्हता म्हणून मुलगी लुइसाने चालवलं, आणि तिच्याकडून नात मिउच्चाकडे आलं. तिची राज्यशास्त्रात डॉक्टरेट, शिवाय कम्युनिस्ट पक्षाची सदस्य, आणि विकते काय तर बॅगा.

---

रंकाळा

प्राडाचं नाव निघालं की कोल्हापूरकराने गप्प बसावं अशी अपेक्षा नसेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : जून २०२५ मध्ये मिलानच्या पुरुषांच्या शोमध्ये प्राडाने अंगठ्याची चप्पल दाखवली, हुबेहूब आपली, आणि नाव दिलं लेदर सँडल. कोल्हापूरचं नाव कुठे नाही. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. इकडे बोंब झाली, मग मिउच्चाचा मुलगा लोरेन्झो बेर्तेल्लीने महाराष्ट्र चेंबरला पत्र लिहून प्रेरणा भारतीय असल्याचं कबूल केलं. जुलैत त्यांची माणसं कोल्हापूरला येऊन गेली. डिसेंबरात आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं बाबू जगजीवनराम महामंडळ यांच्याशी करार झाला. २००० जोड, किंमत ८०० युरोंच्या आसपास.

आता धाग्याशी संबंध. साल्वातोरेने बुचाच्या टाचेचं पेटंट घेतलं तरी जगभर नकला झाल्या, आणि तरीही आज सगळे म्हणतात की वेज फेरागामोचा. कारण मागे वाडा आहे, वांडा आहे, संग्रहालय आहे, कलबुतावर नावं आहेत. कोल्हापुरी कुणाची? आठ जिल्ह्यांची. म्हणजे कुणाचीच नाही असं परदेशी कंपनीला वाटतं. आमच्या आजोबांनी चपलेच्या कानाची (बाजूच्या पट्टीची) एक पद्धत बसवली होती, आज निम्म्या बाजारात ती चालते, नाव नाही. फ्लॉरेन्सच्या त्या कलबुतांच्या खोलीचं वाचलं तेव्हा हे डोक्यात आलं.

---

पेठेतला

@रंकाळा, ही पोस्ट वेगळा धागा म्हणून टाका. मनापासून सांगतो.

बाकी माझा आक्षेप अंशतः मागे. खाती वाटणं आणि शेअर वाटणं यातला फरक आमच्या वाड्याच्या वाटपात कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

---

मृण्मयी२

मला एक सांगा, त्या तिघांत कोण कोण आलं? आणि मुली किती?

---

शेवंती

फेरुच्चोचा मुलगा जेम्स बूट आणि चामड्याच्या वस्तूंकडे आला. फुल्व्हियाची मुलगी आंजेलिका व्हिस्कोंती विक्रीकडून वर आली आणि पुढे संचालक मंडळावर गेली. तिसरा दिएगो. म्हणजे तिघांत एक मुलगी. आधीच्या पिढीशी तुलना केली तर हिशोब उलटा झालाय, कारण तेव्हा सहा मुलांतल्या तीन मुलींनीच बूट, बॅगा, कपडे आणि रेशीम म्हणजे जे विकलं जायचं ते जवळजवळ सगळं सांभाळलं होतं.

@जमाखर्च, फियाम्माबद्दलचा तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. फक्त एवढंच की १९६० मध्ये १९ वर्षांच्या फियाम्मालासुद्धा कुणी डिझायनर समजत नव्हतं. तिला बुटांचं खातं द्यायचा निर्णय वांडाचा होता. आज तो निर्णय घ्यायला संचालक मंडळ लागतं, आणि २०२१ पासून त्याचा अध्यक्ष लेओनार्दो आहे, वडील गेले तेव्हा सात वर्षांचा होता तो.

---

जमाखर्च

मग आपलं एकमत आहे, फक्त तुम्ही ते जास्त प्रेमाने मांडता. पुढच्या वार्षिक अहवालानंतर याच धाग्यावर आकडे टाकतो.

---

रंकाळा

वेगळा धागा काढतोय. आजोबांच्या कानाचे फोटो काढून टाकतो, पण मापं देणार नाही.